मांजराला खरूज, गजकर्ण, पिसवा : घरी काय करता येतं आणि कशाला हात लावायचा नाही?

इन्स्टाग्रामवर मांजरांचे चार व्हिडिओ लाइक केले की पाचवा व्हिडिओ हमखास असा येतो. एक वाटी, वाटीत खोबरेल तेल, त्यात कुटलेला कापूर आणि वरून टी ट्री ऑइलचे चार थेंब. मागे गाणं आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत, "मांजराची खरूज तीन दिवसांत गायब". खाली थँक्यू म्हणणाऱ्यांची रांग.

लोचा असा आहे की त्या वाटीतल्या कापूर आणि टी ट्री ऑइल या दोन्ही गोष्टी मांजरासाठी विषारी आहेत. खरूज जाईल की नाही माहीत नाही, पण मांजर थरथरायला लागणं, लाळ गाळणं, पाय लटपटणं हे मात्र होऊ शकतं. आणि ते झालं की व्हिडिओ टाकणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, कारण तोवर आपण दवाखान्याच्या बाहेर पिशवी घेऊन बसलेलो असतो.

म्हणून घरी काहीच करायचं नाही का? तसंही नाही. घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. गजकर्णासारख्या आजारात तर निम्मी लढाई घरातच लढावी लागते. फक्त त्यात वाटीपेक्षा बादली, फडकं, बारीक दातांची फणी आणि कडक ऊन यांचं काम जास्त असतं.

मांजराच्या लिव्हरची भानगड

बहुतेक चुकीच्या उपायांच्या मुळाशी एकच समज असतो. जे माणसाला चालतं, कुत्र्याला चालतं, ते कमी प्रमाणात मांजरालाही चालेल. हा समज चुकीचा का आहे, याचं उत्तर मांजराच्या जनुकांत सापडतं.

आपल्या शरीरात औषध किंवा एखादं विषारी रसायन गेलं की लिव्हर त्याला ग्लुकुरोनिक आम्लाचा रेणू जोडतं. त्यामुळे ते पाण्यात विरघळतं आणि शरीराबाहेर टाकता येतं. हे जोडकाम करणाऱ्या एन्झाइमपैकी एक महत्त्वाचं एन्झाइम मांजराच्या शरीरात बनतच नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले मायकल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली दाखवून दिलं की, ते बनवणारं 'यूजीटी१ए६' हे जनुक मांजरात चक्क बंद पडलेलं आहे. मांजर पिढ्यान् पिढ्या निव्वळ मांसावर जगलं, वनस्पतींमधली विषारी द्रव्यं पचवायची वेळच त्याच्यावर आली नाही, त्यामुळे हे जनुक मोडलं तरी काही बिघडलं नाही, असं यामागचं कारण मानलं जातं.

जंगलात काही बिघडलं नाही, आपल्या घरात बिघडतं. ताप-अंगदुखीवर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच जाते. जखमेने कण्हणाऱ्या मांजराला 'अर्धीच गोळी' देणारे लोक आहेत, म्हणून हे इथे सांगतोय.

दुसरं कारण अगदी साधं आहे. मांजर स्वतःला चाटतं. जागेपणीचा बराचसा वेळ त्यातच जातो. त्यामुळे मांजराच्या अंगाला लावलेली कुठलीही गोष्ट ही पोटात गेलेली गोष्ट आहे असं धरूनच चालायचं. 'वरून लावायचं आहे, खायला थोडीच देतोय' हा युक्तिवाद मांजराच्या बाबतीत टिकत नाही.

सगळ्यात धोकादायक चूक : परमेथ्रिन

या सगळ्यात एकच नाव लक्षात ठेवायचं असेल तर परमेथ्रिन हे ठेवा. हे कीटकनाशक कुत्र्यांना सोसतं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या पिसवा-गोचिडांच्या अनेक औषधांत ते असतं आणि त्यातल्या काहींत त्याचं प्रमाण ४५ टक्क्यांच्याही वर असतं. मांजराच्या मानेवर हेच औषध टाकलं की काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत, कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडायला लागतात, मग अंगभर थरथर, मग झटके. बऱ्याच मांजरांचा यात जीव जातो.

आपल्याकडे यात आणखी एक वाट आहे. माणसांच्या खरजेवर मेडिकलमध्ये मिळणारं ५ टक्क्यांचं क्रीम म्हणजेसुद्धा परमेथ्रिनच. ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ते १५०० मिलिग्रॅम भरतं. घरात कुणाला खरूज झाली होती, ट्यूब उरली होती, मांजराला पण खरूजच आहे, मग लावून टाकू. हा हिशेब अगदी सरळ वाटतो आणि तिथेच घात होतो.

चुकून लावलं गेलंच, तर? मांजर शुद्धीत असेल आणि थरथर सुरू झालेली नसेल, तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण घेऊन तेवढा भाग लगेच धुवा, पुसून कोरडं करा, टॉवेलमध्ये उबदार ठेवा आणि औषधाचं खोकं बरोबर घेऊन डॉक्टर गाठा. थरथर सुरू झाली असेल तर अंघोळीत वेळ न घालवता थेट निघा. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील आणि कुत्र्याला असं औषध लावलं असेल, तर दोन-तीन दिवस त्यांना एकत्र झोपू देऊ नका.

याच यादीत आणखी काही घरगुती नावं येतात. रॉकेल, टर्पेंटाइन, फिनेल, डेटॉल, लसूण, लिंबाच्या सालीचं तेल, कुत्र्यांच्या गोचिडांवरचं अमिट्राझचं द्रावण. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. लसणाने तांबड्या पेशी फुटतात. 'पण कडुलिंब तर नैसर्गिक आहे ना?' हा प्रश्न येणारच. कडुलिंबाच्या अर्काची कीटकनाशकं लावल्यावर मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे आपल्या आज्जीने आपल्याला गोवरात कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळ घातली होती, हा पुरावा मांजराला लागू होत नाही. हळद आणि खोबरेल तेल मात्र या यादीत नाही. त्याने मांजर मरत नाही, फक्त मांजर पिवळं होतं, सोफा पिवळा होतो आणि आजार आहे तिथेच राहतो.

आधी बघा, कुठे झालंय?

मांजराला 'स्किन इन्फेक्शन' झालं म्हणजे नक्की काय झालं, हे ठरवल्याशिवाय उपाय ठरत नाही. बुरशी, किडे, जिवाणू आणि अॅलर्जी हे चार वेगळे विषय आहेत आणि चौघांची औषधं वेगळी. सगळ्यांवर एकच क्रीम लावणं म्हणजे घरातली सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडायला जाणं.

उजेडात मांजर मांडीवर घ्या आणि जागा बघा. कानाच्या कडांवर करड्या-पिवळ्या जाड खपल्या, त्या पुढे कपाळावर आणि मानेवर सरकतायत, मांजर वेड्यासारखं खाजवतंय, तर खरजेचा संशय घ्या. गोल चट्टा, तिथले केस तुटलेले, कोंडा, पण खाज फारशी नाही, तर गजकर्ण असू शकतं. शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर केस विरळ, बारीक पुळ्या, केसांत काळी रवाळ घाण, तर पिसवा. कानाच्या आत कॉफी पावडरसारखा मळ आणि सतत डोकं झटकणं, तर कानातले किडे. हनुवटीवर काळे ठिपके असतील तर ती बहुतेक वेळा मांजराची मुरुमं असतात. जेवणाचं प्लास्टिकचं भांडं काढून स्टीलचं ठेवा, ते रोज घासा, बऱ्याचदा तेवढ्याने फरक पडतो.

हा अंदाज आहे, निदान नाही. डॉक्टर खपली खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात तेव्हा खरं काय ते कळतं. पण अंदाज असला की निदान घाई कुठे करायची आणि कुठे नाही हे तरी समजतं.

खरूज : बिल्डिंगखालच्या मांजरांचा आजार

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादं मांजर असं असेल की वय दोन वर्षं, पण तोंड म्हाताऱ्यासारखं. सुरकुतलेलं कपाळ, जाड झालेले कान, डोळे अर्धे मिटलेले. ती बहुधा खरूज आहे. नोटोएड्रिस कॅटी नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदे खणतो आणि तिथेच अंडी घालतो. कानाच्या कडेपासून सुरुवात होते. मांजर अंगाचं वेटोळं करून झोपतं तेव्हा तोंड पंजांना आणि शेपटीला टेकतं, म्हणून पुढे पंजे आणि शेपटीच्या आसपासही खपल्या दिसतात.

हा आजार भयंकर दिसतो, पण तो बरा होतो. आणि बरा होण्यासाठी मांजराला तेल-मलम चोळत बसावं लागत नाही. सेलामेक्टिन किंवा मोक्सिडेक्टिन असलेले मांजरांसाठीचे थेंब मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे असतात. डॉक्टर वजन बघून मात्रा ठरवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा द्यायला सांगतात. दुसरी मात्रा चुकवायची नाही. पहिल्या मात्रेनंतर मांजर छान दिसायला लागतं, आपण विसरतो आणि महिन्याभराने पुन्हा तेच. एकत्र राहणाऱ्या सगळ्या मांजरांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं, नाहीतर हा खो-खो संपत नाही.

भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्यांच्या ग्रुपवर आयव्हरमेक्टिनचा सल्ला फिरत असतो. 'जेवणात टाका, पकडायची गरज नाही.' औषध खरं आहे, डॉक्टरही ते वापरतात. पण गुरांसाठीच्या १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं आणि तीन किलोच्या मांजराला लागणारी मात्रा बहुतेक वेळा मिलिलिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. चमच्याने, अंदाजाने, 'दोन थेंब जास्त गेले तर काय होतंय' असं म्हणत देण्याजोगी ही गोष्ट नाही. त्यातून पिल्लांना जास्त धोका. शिवाय एका थाळीत पाच मांजरं जेवत असतील तर कुणाच्या पोटात किती गेलं हे कोण सांगणार?

घरी काय करायचं? मांजर वेगळ्या खोलीत ठेवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, खपल्या ओरबाडू नका. नखं कापा म्हणजे खाजवून जखम होणार नाही. हा किडा मांजराच्या अंगाबाहेर फार दिवस जगत नाही, त्यामुळे घरभर औषध फवारायची गरज नसते. तुमच्या हातावर, पोटावर लाल खाजऱ्या पुळ्या आल्या तर घाबरू नका. मांजराची खरूज माणसाच्या अंगावर घर करू शकत नाही, मांजर बरं झालं की त्याही साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात. न गेल्या तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवा आणि घरात मांजर आहे हे सांगा.

गजकर्ण : किडा नाही, बुरशी आहे

इंग्रजीत याला रिंगवर्म म्हणतात आणि नावातल्या 'वर्म'मुळे जगभर गोंधळ होतो. ऑनलाइन वाचून मांजराला जंताची गोळी देणारे लोक याच नावाचे बळी. आपला शब्द या बाबतीत बरा, गजकर्णात किडा नाही. कारण आहे मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी. नावात कुत्रा असला तरी ती राहते मुख्यतः मांजरांवर. पिल्लं, आजारी मांजरं आणि पर्शियनसारखी लांब केसांची मांजरं यांना जास्त होते.

निरोगी मोठ्या मांजराचं गजकर्ण काही महिन्यांत आपोआपही बरं होतं. इंटरनेटवरच्या निम्म्या 'रामबाण' उपायांचं यश इथूनच येतं. मांजर बरं होणारच होतं, श्रेय हळदीला मिळालं. मग वाट का बघायची नाही? कारण त्या काही महिन्यांत मांजर घरभर बुरशीचे बीजाणू सांडत फिरतं, ते बीजाणू वर्षभराहूनही जास्त काळ तग धरू शकतात आणि घरातली लहान मुलं त्याच मांजराला कवटाळून झोपतात.

डॉक्टर एका जांभळ्या दिव्याखाली मांजर धरतात, त्याला वूड्स लॅम्प म्हणतात. या बुरशीने धरलेले बरेच केस त्या प्रकाशात हिरवट चमकतात. बाजारात असे टॉर्च स्वस्तात मिळतात, पण कोंडा, मलम, कपड्याचा धागा असं बरंच काही त्यात चमकतं, त्यामुळे घरच्या टॉर्चवर निदान करू नका. नक्की कळण्यासाठी केस लॅबमध्ये पाठवून बुरशी वाढवून बघतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

उपचार दोन बाजूंनी चालतात. पोटातून इट्राकोनाझोल किंवा तसं बुरशीचं औषध, जे फक्त डॉक्टरांनी मात्रा ठरवून द्यायचं. आणि बाहेरून अंगभर उपचार. 'अंगभर' हा शब्द महत्त्वाचा आहे. चट्टा एक दिसत असला तरी बीजाणू सगळ्या केसांत असतात, म्हणून चट्ट्यापुरतं क्रीम लावून भागत नाही. मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडिन असलेला प्राण्यांचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, सहसा असं सांगितलं जातं. फेस अंगावर १० मिनिटं राहू द्यायचा. ही १० मिनिटं मांजराबरोबर काढणं म्हणजे काय असतं, हे ज्याने काढलीत त्यालाच विचारा. दोन माणसं लागतात, खाली जाड टॉवेल अंथरा म्हणजे पाय घसरत नाहीत, पाणी कोमट, शॉवर नको, मगाने हळू. डोळे आणि कान वाचवा, क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर इजा होते. नंतर पूर्ण कोरडं करा, विशेषतः पावसाळ्यात आणि पिल्लाला.

आपल्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली क्रीमं हा वेगळाच वैताग आहे. त्यांनी लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, म्हणून ती लोकांना आवडतात. पण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. भारतात माणसांमधलं गजकर्ण इतकं चिवट होण्यामागे या क्रीमांचा मोठा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आलेत. तीच ट्यूब मांजराला लावायची नाही, आणि स्वतःलाही.

आता घराची सफाई. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. मांजराला एका अशा खोलीत ठेवा जिथे गालिचा, गाद्या, पडदे कमीत कमी आहेत. रोज केस गोळा करा, फडकं ओलं वापरा, कोरड्या झाडूने बीजाणू उडतात. चादरी आणि टॉवेल दोनदा धुवा. गुळगुळीत फरशी आधी साबणाने पुसा आणि मग पातळ केलेल्या ब्लीचने, पण त्या वेळी मांजर त्या खोलीत नको. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. पिल्लू असेल तर त्याला आठवडेच्या आठवडे एकटं कोंडू नका, हात धुवून, जुना शर्ट घालून रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. माणसाची सवय लागायचं त्याचं तेच वय असतं.

चट्टा भरला, केस आले म्हणजे संपलं असं नाही. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत औषध चालू ठेवायचं, सहसा दीड-दोन महिने तरी जातात.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त खटकते. घरात कुणाला गजकर्ण झालं की पहिला संशय मांजरावर आणि पहिला निर्णय मांजर 'सोडून' यायचा. मांजराकडून गजकर्ण होतं हे खरं आहे. पण भारतात सध्या माणसांना होणारं बहुतांश गजकर्ण ट्रायकोफायटन जातीच्या बुरशीचं असतं आणि ते माणसाकडून माणसाला पसरतं. टॉवेल, घट्ट कपडे, जिम, लोकलमधली गर्दी. म्हणजे मांजर मंडईत नेऊन सोडलं तरी नवऱ्याच्या जांघेतलं गजकर्ण तिथेच राहण्याची शक्यता दाट. शिवाय उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं माणूस किंवा खूप वयस्कर कुणी असेल तर मांजर बरं होईपर्यंत त्यांच्यापासून लांब ठेवा. लांब म्हणजे दुसऱ्या खोलीत.

पिसवा : मांजरावर पाच टक्के, घरात बाकीच्या

पिसवांची ओळख पटवायला एक सोपी चाचणी आहे. मांजराच्या केसांतून बारीक फणी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही पसरला तर साधी धूळ.

मांजरावर दिसणाऱ्या पिसवा ही एकूण फौजेच्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश सोफ्यात, गोधडीत, फरशीच्या फटीत. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. कोशातली पिसू तर अनेक महिने नुसती वाट बघत बसते आणि पावलांची थरथर, उबेची चाहूल लागली की बाहेर येते. मे महिन्यात गावाला जाऊन आल्यावर बंद घरात पाय ठेवताक्षणी पायाला चावे का बसतात, त्याचं उत्तर हे आहे.

म्हणून नुसतं मांजर धुवून पिसवा जात नाहीत. मांजरासाठीचं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनसारखं औषध दर महिन्याला, निदान तीन महिने, घरातल्या प्रत्येक प्राण्याला. आणि त्याच वेळी अंथरुणं गरम पाण्यात धुणं, सोफ्याच्या फटीत व्हॅक्यूम. इथे आपल्या जुन्या सवयीला सलाम ठोकावासा वाटतो. गाद्या-गोधड्या कडक उन्हात टाकणं हा खरोखर उपाय आहे, कारण पिसवेच्या अळ्यांना दमट हवा लागते, उन्हात त्या वाळून मरतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे जमत नाही, आणि पिसवा नेमक्या तेव्हाच माजतात.

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला यातली बरीच औषधं चालत नाहीत. त्याच्यासाठी फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, निघालेली पिसू त्यात बुडवायची. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या तर मात्र थांबू नका. पिसवा लहान पिल्लाचं इतकं रक्त पितात की ते त्यातच मरतं. मांजराच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो फीतकृमीचा तुकडा. चाटताना पिसू गिळल्याने हा जंत होतो, त्यामुळे त्याची गोळी देताना पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो.

कान, जखमा आणि अळ्या

कानातल्या किड्यांसाठी इअर बड वापरू नका, मळ आत ढकलला जातो. पडदा फाटलेला असला तर कानात टाकलेलं कुठलंही द्रव, अगदी कोमट तेलसुद्धा, आतल्या कानाला इजा करू शकतं आणि ते घरी कळत नाही. खरजेवरचे तेच मानेवरचे थेंब याही किड्यांवर चालतात. डोकं झटकून झटकून कानातली रक्तवाहिनी फुटली की कान पुरीसारखा फुगतो. तो सुईने फोडायला जाऊ नका.

बोक्यांच्या मारामारीतली जखम वरून छोटी दिसते. दात बारीक असतात, वरचं भोक दोन दिवसांत बुजतं आणि आत पू साठतो. गरम, दुखरी गाठ आणि न जेवणारं मांजर असं दिसलं की घरगुती उपाय बंद. तोवर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट एक छोटा चमचा मीठ घालून त्याने जखम धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट नको. पुठ्ठ्याची कॉलर करून गळ्यात घाला म्हणजे चाटणार नाही.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात हे बघून मांजरालाही तेच करतात. मांजरात ते कातडी जाळतं आणि पोटात गेलं की विष होतं. अळ्या दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना.

जखमी भटकं मांजर पकडताना जाड टॉवेल वापरा. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जा. 'मांजरच तर आहे' म्हणून हे टाळणारे खूप आहेत, रेबीज मांजराकडूनही होतो.

पैसे नसतील तर?

खासगी क्लिनिकची फी सगळ्यांना परवडत नाही आणि घरगुती उपायांकडे लोक हौसेने वळत नाहीत, हे मान्य करायला हवं. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय, आणि तिथलंच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे सरकारी दवाखाने आहेत. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते म्हणून मांजर नेताना लोक लाजतात. लाजू नका, डॉक्टरची पदवी तीच असते.

जाताना चट्ट्यांचे उजेडात काढलेले फोटो, तारखेसकट, मोबाइलमध्ये ठेवा. आधी काय काय लावलंय ते खरं सांगा, कापूर लावला असेल तरी सांगा. आणि तपासायच्या आदल्या दिवशी अंघोळ घालू नका, तेल लावू नका. खरवडून बघायच्या खपल्याच धुवून गेल्या तर डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघणार काय?